पदरचं काही घालायचं नाही

सूनबाई मराठीत नापास झाली.

हे वाक्य माझ्या जावेने फोनवर दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा तिला नव्याने हसू फुटलं. "अगं, जन्मापासून बोलतेय ना ती मराठी? मग नापास कशी?" मी म्हटलं, "तू लग्न झाल्यापासून स्वयंपाक करतेयस, तुला कुठे जमलाय?" आणि फोन ठेवला. सुनेचा मला पुळका आला होता असं नाही. पण माझ्या घरातल्या माणसाला हसायचं असेल तर मी हसेन, बाहेरच्यांनी त्यात पडू नये.

परीक्षा दुभाष्याची होती. या परक्या देशात इथली भाषा न येणारा माणूस सरकारी कचेरीत, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत गेला की त्याच्या आणि समोरच्या साहेबाच्या मध्ये एक जण बसतो आणि दोघांचं बोलणं इकडचं तिकडे करतो. चांगल्या अर्थाने. परीक्षेत कानाला हेडफोन लावायचा, इंग्रजीतला तुकडा ऐकून तो मराठीत सांगायचा, मग मराठीतला ऐकून इंग्रजीत. पास झालं की कायमचं राहण्याच्या अर्जात गुण वाढतात, आणि आम्हाला नेमके तेवढेच गुण कमी पडत होते. अर्जाची मुदत संपायच्या आत आणखी एकदाच बसता येणार होतं. त्यातही गेली, की सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा.

आता ती नापास का झाली ते सांगते, कारण तसं नापास व्हायला आमच्याच घरातली सून लागते. परीक्षेतला साहेब एका म्हाताऱ्याला म्हणत होता, तुम्ही आम्हाला खोटी माहिती दिलीत, तुमची मदत आम्ही आजपासून बंद करतोय. सूनबाईने मराठीत सांगितलं, "काका, थोडासा गैरसमज झालेला दिसतोय, जरा बघून घ्याल का?" दुसऱ्या संवादात एक बाई घरमालकाबद्दल बोलत होती. हा माणूस चोर आहे, वर्षभर मला गळक्या छताखाली ठेवलं आणि वर मलाच दमदाटी करतो. सूनबाईने त्याचं इंग्रजी असं केलं, की या बाई मिळालेल्या सेवेबद्दल पूर्णपणे समाधानी नाहीत.

कॉम्प्युटरवरून शिकवणाऱ्या तिच्या क्लासच्या बाईंनी हे सगळं तिच्याकडून वदवून घेतलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचा नियम साधा होता. ऐकलंय त्यातलं गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही, आणि बोलायचं ते 'मी' म्हणून. म्हातारा बोलतोय तर तू म्हातारा, साहेब बोलतोय तर तू साहेब. "भाषा उत्तम आहे गं तुझी," बाई म्हणाल्या, "पण तू भांडण मिटवायला बसतेस."

मला यात काही नवल वाटलं नाही. असला एक दुभाषी आमच्या घरात आधीपासूनच आहे. आमचे चिरंजीव. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, आणि माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे न्यायचं काम त्याचं. डॉक्टर तरुण आहे, कॉम्प्युटरकडे बघत बोलतो. मागच्या खेपेला मी म्हटलं, "याला सांग, मी आत आल्यापासून याने एकदाही माझ्याकडे पाहिलेलं नाही. गुडघा माझा दुखतोय, त्या कॉम्प्युटरचा नाही. आणि त्या गोळ्यांनी पोटात आग पडते, हे मी मागेही सांगितलं होतं." चिरंजीवांनी त्याचे चार शब्द केले. त्यातला एक 'थँक्यू' होता, तो मलाही कळला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझं एवढं बोलणं गेलं कुठे?" तर म्हणतो, "आई, इंग्रजीत कमी शब्द लागतात."

निकाल लागल्यावर दोन दिवसांनी तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "आई, ती दमलीये गं. तिला नको झालंय आता हे सगळं. परत जाऊ म्हणतेय."

मला ते खरं वाटलं. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करते. घरी येते तेव्हा बाह्यांवर बारीक पांढरी धूळ असते आणि डोळ्यांभोवती जाड गॉगलचे वळ. एवढं करून पुन्हा कानाला हेडफोन लावायचे, तर कोणीही दमेल.

पण मला जायचं नव्हतं. हे मी कोणाला बोलले नव्हते, कारण कोणी विचारलं नव्हतं. इथे चौकापलीकडे एक कोमट पाण्याचा तलाव आहे. गुडघे गेलेल्या बायकांना तिथे कमरेएवढ्या पाण्यात चालवतात. कुठकुठच्या देशांतल्या बायका, कोणाला कोणाची भाषा येत नाही, पण शिटी वाजली की सगळ्या वळतात. पाण्यात माझा गुडघा दुखत नाही. शिटीवाली पोरगी मला 'बॉस' म्हणते, आणि मला ते आवडतं. चालताना पुढची बाई रेंगाळली तर मी तिला मराठीत दामटते आणि ती पुढे सरकते. हे सगळं सोडून जायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण ज्या पोरीच्या जिवावर राहायचं तिलाच राहायचं नसेल, तर मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी मूग गिळून बसले. ते मला जमत नाही आणि त्याचा त्रास घरातल्या भांड्यांना होतो.

मग एका रविवारी न्हाणीघरात नळ सोडलेला आणि आतून बोलण्याचा आवाज. दाराला कान लावायची मला लाज वाटत नाही, म्हणून लावला. सूनबाई आत साहेब झाली होती. "तुमच्या मुलाची शाळेतली हजेरी फार कमी आहे," असं ती नळाला सांगत होती.

मी दार ठोठावलं. "बाहेर ये. किती पाणी वाया घालवशील?"

ती बाहेर आली, केस कोरडे. "ह्यांना सांगू नका, आई."

"दमली होतीस ना तू?"

"मी कधी म्हटलं?" असं ती बोलून गेली आणि लगेच तिने सारवासारव केली. "म्हणजे, थोडी दमलेय. तसं काही नाही."

मी तेव्हा पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती, की पोरीला बसायचंय. मी तिला ओढत जेवणाच्या टेबलाशी आणलं. ठरलं असं, की चिरंजीव घरी नसेल तेव्हा बसायचं, साहेबाचं इंग्रजी तिच्या क्लासच्या रेकॉर्डिंगमधून येईल आणि समोरची मराठी बाई मी होईन. मला हे काम फार जमलं. मी भाडं वाढलेली विधवा झाले, दात दुखणारी आजी झाले, गाडीला धक्का बसलेला ड्रायव्हर झाले. पूर्वी मी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचे. गाडी चुकलेला माणूस काय काय बोलतो ते मला पाठ होतं, ते सगळं मी बाहेर काढलं. सूनबाईने माझं बोलणं इंग्रजीत न्यायला हळूहळू शिकून घेतलं. निदान ते आता माझ्या बोलण्याएवढं लांब तरी येत होतं.

गाडी अडायची ती उलट्या बाजूला. रेकॉर्डिंगमधला साहेब कडक बोलला, की ते माझ्या तोंडावर मराठीत म्हणायची तिची हिंमत व्हायची नाही. साहेब म्हणे, तुम्ही खोटं बोलताय. ती माझ्याकडे बघायची, पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा करायची आणि म्हणायची, "आई, तुमच्या लक्षात नसेल राहिलं कदाचित."

"मी आई नाही. मी परकी बाई आहे. म्हण, तुम्ही खोटं बोलताय."

"तुम्ही... तसं नाही म्हणता येत हो मला."

"का?"

"माझ्या आईने मला तशी वाढवलेली नाही."

"मग तुझ्या आईला परीक्षेला बसव."

ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. ओठ मात्र पांढरे झाले. हा राग होता. मला बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहत होते. मी रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. म्हटलं, "साहेब जाऊ दे खड्ड्यात. तुझं स्वतःचं बोल. माझ्याबद्दल जे वाटतं ते माझ्या तोंडावर बोल. गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वरच्या मजल्यावरचा माणूस भिंतीला भोकं पाडत होता, त्याच्या ड्रिलचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्ही चहात फार साखर घालता," ती म्हणाली.

"हं. पुढे?"

"लग्न झाल्यापासून पितेय. मला तो घशाखाली उतरत नाही."

"मग ओतून द्यायचास. पुढे?"

"माझ्या भावाने नोकरी सोडली ते तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. ते तुमच्याकडे बोलायला नको होतं मी."

"सांगितलं. पुढे?"

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही माझा सराव घेताय तो मन मारून. तुम्हाला परत जायचंय हे मला माहितीये. तुम्हाला इथे करमत नाही, तुम्ही ह्यांच्याजवळ रडलात, हे सगळं मला कळतं. पण मला नाही जायचं. मी त्या कारखान्यात काचा घासतेय ते परत जायला नाही. तुम्हाला वाईट वाटलं तरी मी पुन्हा बसणार आहे परीक्षेला."

मी रडले? मी माझा नवरा गेला तेव्हा रडले होते, त्यानंतर कांदा सोडून कशासाठी रडल्याचं मला आठवत नाही.

"कोण म्हणालं मला परत जायचंय?"

"हे म्हणाले."

"आणि मला तो म्हणाला, तुला जायचंय."

एकाच टेबलाशी जेवणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या आम्ही दोघी बायका, आणि आमच्यामध्येसुद्धा दुभाषी बसलेला. तोही असला. मला इतका संताप आला की मी उठून ओट्यावरची सगळी भांडी पुन्हा धुतली. सूनबाई माझ्या शेजारी उभी राहून पुसत होती, आणि तीही आपटून ठेवत होती.

संध्याकाळी चिरंजीव आले. दारात बूट काढतानाच त्याला टेबलावरचे हेडफोन दिसले. "आई, कशाला पुन्हा तिला छळतेस? ती दमलीये."

मी सुनेकडे वळले. "काय म्हणतोय हा?"

"मराठीतच बोलतोय की मी," तो म्हणाला.

"तुझं मराठी मला हल्ली थेट कळत नाही. मध्ये माणूस लागतो."

सूनबाई हेडफोन गळ्यात अडकवून खुर्चीत ताठ बसली. हात मांडीवर, नजर समोर, क्लासमध्ये शिकवलं होतं अगदी तसं. "कशाला पुन्हा तिला छळतेस? ती दमलीये," ती मला म्हणाली.

"विचार त्याला, दमलेय हे तिने तुला कधी सांगितलं?"

ती त्याच्याकडे वळली. "दमलेय हे तिने तुला कधी सांगितलं?"

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"हा काय पोरखेळ लावलाय?" हे माझ्याकडे, तेवढ्याच वरच्या पट्टीत. माझ्या सुनेला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं आणि तो तिला छान शोभत होता.

"विचार, मला इथे करमत नाही असं मी कधी म्हटलं? आणि मी रडले ते कधी? दिवस सांग म्हणावं."

हेही तिने त्याला जसंच्या तसं विचारलं. एक शब्द मऊ केला नाही. चिरंजीव खुर्ची ओढून बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं..." तो म्हणाला आणि थांबला.

"मला वाटलं," सूनबाई मला म्हणाली आणि तीही थांबली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "पुढचं बोल. तू बोलशील तेवढंच मी सांगणार. मी थांबलेय." माझ्यासमोर ती त्याला नेहमी अहो-जाहो करते. त्या दिवशी ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

तो टेबलाकडे बघत बोलला. "मला वाटलं, तुम्हा दोघींचं नाव सांगितलं तर कोणी काही म्हणणार नाही. मला भीती वाटते. मागे एक लिफ्ट माझ्या डोक्यावर येऊन थांबली. हातभर अंतर होतं. तेव्हापासून लिफ्टच्या त्या बोगद्यात उतरलं की हात थरथरतात. मला परत जायचंय. मला. पण लोक म्हणतील, पळून आला."

सूनबाईने त्यातलं सगळं मला सांगितलं. 'मला भीती वाटते' हे तिने 'मी' म्हणून सांगितलं, आणि लिफ्टचं सांगताना तिचा आवाज चिरकला, तरी तिने एक शब्द गाळला नाही. तिलाही ते नवीनच होतं. मी तेच बोलणं दोनदा ऐकलं. माझं पोर थरथरत्या हातांनी त्या अंधारात उतरत होतं आणि घरी येऊन आमची नावं पुढे करत होतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली.

"त्याला सांग," मी म्हटलं, "माझा जीव तुटतो तुझ्यासाठी. उद्यापासून त्या बोगद्यात उतरू नकोस. कंपनीत जा आणि भीती वाटते म्हणून सांग, त्यात लाज कसली. आणि परत जायचं असेल तर जरूर जा, पण स्वतःच्या नावाने जा. आमच्या खांद्यावर बंदूक ठेवायची नाही. मी इथेच राहणार."

तिने सांगितलं. त्याने मान हलवली. मग तिला विचारलं, "आणि तुला काय वाटतं?"

"दुभाष्याला मत नसतं," ती म्हणाली. मग तिने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "आता माझं बोलते. मी परीक्षेला बसणार आहे. तू राहिलास तर मला फार बरं वाटेल. नाही राहिलास, तरी मी बसणार आहे. आणि त्या लिफ्टचं तू मला सांगायला हवं होतंस."

त्या रात्री आम्ही काय जेवलो ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा सूनबाईने केला. मला तो पाणचट लागला आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग ओतून द्या."

परीक्षा घरूनच द्यायची होती. आत खोलीत ती एकटी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर परीक्षक, खोलीत दुसरं कोणी दिसलं तर परीक्षा रद्द. मी बाहेर दाराला टेकून खुर्ची टाकली. सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि वरच्याने ड्रिल चालू केलं. मी उठणार, तेवढ्यात चिरंजीव जिना चढून वर गेला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण ड्रिल थांबलं आणि पुन्हा वाजलं नाही. खाली येऊन तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

"काय सांगितलंस?"

"बायकोची परीक्षा आहे, बंद कर म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच. थँक्यू पण नाही म्हटलं."

आतून सूनबाईचा आवाज यायला लागला. इंग्रजीतलं मला कळत नव्हतं. मग मराठी आलं, स्वच्छ आणि खणखणीत. "तुम्हाला दोन वेळा सूचना देऊनही तुम्ही आला नाहीत. यापुढे तुमचं काहीही ऐकून घेतलं जाणार नाही." चिरंजीव दचकून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला गप्प राहायची खूण केली. त्यानंतर आतून इंग्रजीत कोणीतरी म्हातारी जोरजोरात भांडायला लागली. आवाज सुनेचा होता, पण भांडण माझ्याकडून शिकलेलं होतं.

निकाल आला तेव्हा आम्ही तिघे दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो, माझ्या गुडघ्यासाठी. तिचा फोन वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मला इंग्रजी वाचता येत नाही हे ती त्या क्षणी विसरली होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, पोरगी पास झाली. चिरंजीवाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तो परत गेला नव्हता. कंपनीत जाऊन त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि आता तो वर्कशॉपमध्ये मोटरी दुरुस्त करतो. पगार थोडा कमी आहे, हात स्थिर आहेत. त्याला अजून परत जावंसं वाटतं. तसं तो अधूनमधून म्हणतो, आणि 'मला' म्हणतो.

माझं नाव पुकारलं. तो सवयीने उठला. मी म्हटलं, "तू बस. ही येईल."

डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत काहीतरी म्हणाला. सूनबाई माझ्या शेजारी ताठ बसली होती. मी म्हटलं, "इतक्या खेपा मी तुमच्या खोलीत येतेय आणि तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलेलं नाही. गुडघा माझा दुखतोय, त्या कॉम्प्युटरचा नाही. त्या गोळ्यांनी माझ्या पोटात आग पडते. हे मी आधीही सांगितलं होतं, पण माझ्या मुलाने ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही."

तिने श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. ती बराच वेळ बोलली. डॉक्टरचे हात कीबोर्डवर थांबले. मग त्याने खुर्ची पूर्ण वळवली, माझ्यासमोर आणली आणि माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी म्हणाला.

सूनबाई माझ्याकडे वळली. "माफ करा," ती म्हणाली. "मला आता सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.